राजाबाईच्या पहारीखालचा इलेक्ट्रॉन

मी एक जुना इलेक्ट्रॉन आहे. मुळशीच्या काळ्या कातळात, हेलियमच्या एका अणूत मी अडकून पडलो होतो. मित्रांनो, त्या अणूत आणखी एक इलेक्ट्रॉन आहे. आमचे दोघांचे मुळीच पटत नाही. तो जवळ आला की मी दूर सरकतो. तरीही माझी प्रत्येक धाव त्याच्याकडे पाहूनच ठरते.

१९२०च्या दशकात दूरदेशीचे विद्वान आमच्या वेगांचे गणित मांडायला बसले. सोपे जावे म्हणून त्यांनी माझा सोबती अणूभर धुक्यासारखा पसरलेला धरला आणि मला एकट्यालाच धावायला लावले. हिशेब थोडक्यात चुकला. खरे तर एकमेकांना चुकवत आम्ही सरासरीने जरा अधिकच जोरात धावतो. त्यांचा मला राग नाही, कारण कागदावरच्या चुकीने कोणाचे हाड मोडत नाही. कातळावर मात्र मोडले.

चराईची कुरणे मुळशीच्या नव्या धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून धुळा धनगर आणि त्याची बायको राजाबाई मेंढरे विकून धरणाच्या दगडखाणीत आली. सुरुंगासाठी कातळात भोक पाडायचे काम होते. राजाबाई पहार धरी, धुळा घण घाली. प्रत्येक घावानंतर तो अंमळ थांबे, तेवढ्यात ती पहार फिरवी. कोणी कोणाला सांगत नसे. त्यांचे भोक सगळ्यांच्या आधी खोल जाई. मुकादमाने तोंडभरून कौतुक केले आणि तिथेच घात झाला.

"तू घण चांगला मारतुयास, ही पहार चांगली धरतीया. दोगं दोन जोड्यांत जावा, दोनी जोड्या चांगल्या व्हतील."

"मला ह्यांचाच ठोका कळतुया," राजाबाई म्हणाली.

"ठोका कुणाचाबी ठोकाच असतुया. जा तिकडं."

तिकडचा कोंडिबा भला माणूस होता, पण घावानंतर थांबत नसे. राजाबाई सवयीने पहार फिरवू लागली आणि त्याचा घण तिच्या बोटांवर उतरला. मी त्याच पहारीखाली होतो. भोकातून रक्त माझ्यापर्यंत आले. तिचा हात कायमचा गेला.

धुळाला मग एकट्याने दगड फोडायला बसवले.

"मधीच का थांबतुयास?" मुकादम ओरडला.

"ती पहार फिरवतीया न्हवं," धुळा म्हणाला.

त्या भोकात सुरुंग उडाला, कातळ फुटला आणि आमचा अणू वाऱ्यावर निघाला. मित्रांनो, कोणाचे बळ मोजाल तेव्हा त्याच्या सोबत्याला धुके समजू नका. मला हे सांगताना फार वाईट वाटते. खाली धुळा घण घालत होता, आणि प्रत्येक घावानंतर थांबत होता.