दुपारचं काम

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या वर्गात जगदेवी ही एकटीच मुलगी, आणि पास झाली ती चांगल्या मार्कांनी. वर्गातली पोरं पटापट वाळूजच्या कारखान्यांत चिकटली. दिवसच तसे होते; नव्या कंपन्या येत होत्या, त्यांना माणसं हवीच होती. जगदेवीही मुलाखतीला गेली. साहेब गोड बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, रात्रपाळी असते, मुलींना घेत नाही. एवढं सांगायला अंबाजोगाईहून पोरीला एसटीत हाडं खिळखिळी करत कशाला बोलावलं, देव जाणे.

मग ती गावातल्या कय्युमभाईंकडे गेली. मोटार जळो की पंखा बंद पडो, लोक त्यांचंच दुकान गाठायचे. माणूस भला. त्यांनी तिला स्टूल दिलं, एक मोटार उघडायला लावली, तिचा कामातला हात बघितला.

"काम येतं बेटा तुला, लई चांगलं येतं. पण दुकानात दिवसभर गडीमाणसं. काम सोडून तुलाच बघत बसतील. मला न्हाई जमायचं."

वडिलांचं, बसप्पांचं, किराणा दुकान होतं. "नोकरी लागंपर्यंत गल्ल्यावर बस," ते म्हणाले. भर उन्हाळ्यात जगदेवी गूळ तोलू लागली. तिला एकच धास्ती होती. असंच वर्ष गेलं तर हात गुळाला सरावतील आणि तारेला विसरतील. मग कुणी बोलावलं तरी काय उपयोग?

एका सकाळी कय्युमभाईंची बायको फरीदाभाभी बेसन न्यायला आली आणि कूलरच्या नावानं बोटं मोडू लागली. "पाणी वतायला गेलं की करंट मारतो मेला. लेकरांना खोलीत सोडायची चोरी."

"कय्युमभाईंना सांगितलं न्हाई?"

"रोज सांगते. रोज म्हणतात, उद्या. साऱ्या गावाची कामं करतात, अन् घरात हे असं. दिव्याखाली अंधार."

"मग दुकानातला एखादा कारागीर..."

"दिवसा घरात आमी बायाच. परका माणूस आत कसा घ्यावा? आमच्या मोहल्ल्यात सगळीकडं हेच. मिस्त्री दारात येतो, मालक आल्यावर या म्हटलं की माघारी जातो."

जगदेवीला हसू आलं. तिची आईसुद्धा हेच करायची.

भाभी तिच्याकडे बघतच राहिली. "तू ती आयटीआयवाली ना? मग कावून गूळ तोलत बसलीस? चल माझ्या घरी."

"कय्युमभाई रागावतील."

"रागवू दे. कूलर माझा हाय."

जगदेवीनं वडिलांकडे पाहिलं. बसप्पांनी तिच्या हातातलं माप काढून घेतलं. "जा. गूळ मी तोलतो."

भाभीच्या घरी तिनं आधी मेन स्विच बंद केला, मग कूलरची जाळी काढली. पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती आणि आतली तार थेट पत्र्याला लागत होती. नवी वायर टाकेपर्यंत शेजारपाजारच्या बायका जमल्या. त्यातली समिना तर बंद पडलेला मिक्सर कडेवर घेऊनच आली. सगळ्या पदर, दुपट्टे सोडून ऐसपैस बसल्या, बोलणं रंगलं, आणि तेवढ्यात दारात खोकल्याचा आवाज आला. कय्युमभाई जेवायला आले होते.

"आत येऊ नका," भाभी पडद्याआडून म्हणाली. "बाया बसल्यात. मिस्त्रीचं काम चालू हाय."

"कोण मिस्त्री?"

"जगदेवी."

जगदेवीला वाटलं, संपलं. गावातलं एकच दार थोडंफार किलकिलं होतं, तेही आता बंद होणार.

"बेटा," पडद्यापलीकडून आवाज आला, "अर्थिंग तपासली का?"

"जोडलेलीच न्हाई, कय्युमभाई."

बायका खुसखुसल्या. "घाईत ऱ्हायली असंल," बाहेरून कबुली आली. "जोडून टाक."

तिनं अर्थिंग जोडली, मेन चालू केला, पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा पेटला नाही; पत्र्यात करंट उरला नव्हता. कूलर घरघरला आणि गार वारा खोलीभर फिरला. लगेच एकीनं इस्त्रीचं काढलं, दुसरीनं पंख्याचं. आता आमच्याकडं चल म्हणून ओढाताण सुरू झाली. कय्युमभाई उन्हात उभं राहून सगळं ऐकत होते. हीच ती घरं, जिथून ते कितीदा हात हलवत परतले होते.

"जगदेवी," ते म्हणाले, "उद्यापासून कामावर ये. दुकानात बसायचं न्हाई. दुपारची घरं सगळी तुझी."

जगदेवीला इतका आनंद झाला की क्षणभर तिला पेचकस कुठे ठेवला तेच आठवेना.

"उद्या कावून?" म्हणत समिनानं मिक्सर तिच्यापुढे सरकवला. जगदेवी लगेच त्याचे स्क्रू काढू लागली.

"भूक लागली हाय," बाहेरून कय्युमभाई म्हणाले. "आत येऊ का?"

"मिस्त्रीला विचारा," भाभी म्हणाली.

जगदेवीनं मान वर केली नाही. "मिक्सर उघडलाय, कय्युमभाई. जरा थांबा."

"बरं," कय्युमभाई म्हणाले, आणि आपल्याच दारात सावली शोधून उभे राहिले.