रात्रपाळीचे सात कॉल

दोन हजार नऊ सालच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी, कंपाउंडर ऑपरेटरबाईंच्या दंडावरचा पट्टा सोडत होता. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता, पलीकडे थोरली नणंद. नणंद काळजीपोटी आलेली नव्हती. भावजयीचं नाटक उघडं पडताना तिला बघायचं होतं.

वर्षभर बाईंचं डोकं सकाळी ठणकायचं, पण दवाखान्यात ब्लडप्रेशर मोजलं की बरं निघायचं. नणंद म्हणायची, हिला आजार एकच, कामाचा कंटाळा. मुलगा मान डोलवायचा. शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी दिवसरात्र आपोआप मोजणारं यंत्र दंडाला बांधलं. कोरा कागद देऊन सांगितलं, कधी झोपलात, कशाला उठलात, सगळं वेळेसकट लिहा.

वेळेसकट लिहिण्यात बाईंचा हात कोण धरणार? तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंककॉल जोडायचा आणि तिकिटावर लिहायचं: कोणाचा, किती वाजता, किती मिनिटं. रात्रपाळी लागली की हीच नणंद शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "आमची भावजय परक्या पुरुषांशी रात्रभर बोलायचा पगार घेते." सासूचे कान तिने असे भरले की सहा वर्षांत नोकरी सुटली. बाईंनी राजीनामा दिला. विसरल्या मात्र काही नाहीत.

पुढे नणंद विधवा होऊन कायमची माहेरी आली. मुलाने आत्याच्या उशाशी बटण बसवलं आणि आईच्या उशाशी घंटी. "तसंही तुला झोप कुठे लागते, आई?" बारा वर्षं ती घंटी वाजत होती.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून निघालेला कागद पसरला. "झोपेत प्रेशर उतरायला हवं. तुमचं चढतंय. दिवसा मोजून हे कळलंच नसतं. या वयात बायकांच्या रक्तवाहिन्या ताठर होत जातात. त्यांना रात्रीही विसावा नसेल तर मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत सगळ्यांना धोका. तुम्ही लिहिलेलं बघू."

बाईंनी कागद दिला नाही. चष्मा लावला आणि एक्स्चेंजमधल्या सपाट आवाजात वाचायला लागल्या.

"बारा वीस. वन्संचा कॉल. पाणी हवं. तांब्या उशाशीच. चार मिनिटं. एक चाळीस. वन्संचा कॉल. खिडकी लावणे. दोन पस्तीस. वन्संचा कॉल. तीच खिडकी उघडणे."

कंपाउंडरने हसू लपवायला पाठ फिरवली. असे सात कॉल झाले.

"म्हातारीने हाक मारली तर लिहून ठेवतेस होय गं?" नणंद म्हणाली.

"वन्सं, माझी रात्रपाळी तुम्हीच सोडवलीत. मग ही बिनपगारी कोणी लावली?"

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, महिन्याने पुन्हा यंत्र बांधायचं ठरवलं आणि रात्रीची झोप मोडू द्यायची नाही असं बजावलं. मुलगा घाईघाईने म्हणाला, रात्रीपुरती एखादी बाई ठेवू.

"बाई कशाला?" ऑपरेटरबाई चष्मा मिटत म्हणाल्या. "घंटी तू बसवलीस. तुझ्या उशाशी ने."

त्याच दुपारी समोर उभं राहून त्यांनी तार हलवून घेतली.

आईने बारा वर्षं काढली होती. मुलाने अकरा रात्री काढल्या आणि बाराव्या सकाळी स्वतःच तार कापली. नणंदेने ऐंशीव्या वर्षी तांब्यातलं पाणी आपल्या हाताने ओतून घेतलं आणि पुढची चार वर्षं ते तिला नीट जमलं. मरेपर्यंत तिने भावजयीकडे दिवसासुद्धा पाणी मागितलं नाही, आणि बाईंनी विचारलंही नाही. मुलाला पन्नाशीत तीच गोळी सुरू झाली.

ऑपरेटरबाई त्र्याऐंशी वर्षं जगल्या. त्यांच्या कपाटात, नोकरीच्या राजीनाम्याच्या प्रतीखाली, मुलाला तो कागद सापडला. सातव्या कॉलखाली एक ओळ होती, ती बाईंनी त्या दिवशी वाचली नव्हती.

'पाच दहा. कॉल नाही. तरी जाग.'