थोरलीची भिंत

माझा धंदा भिंतींना कपडे घालण्याचा. लोक हसतात, हसू देत. जुने कपडे गोळा करायचे, धुवायचे, यंत्रातून काढून त्यांचा भुगा करायचा, त्याला टाकणखार लावायचा म्हणजे कीड लागत नाही नि चटकन पेट घेत नाही. मग तो भुगा बाहेरची भिंत आणि आतल्या फळ्या यांच्यामध्ये ठासून भरायचा. थंडी बाहेर राहते, ऊब आत. विजेचं बिल अर्ध्यावर येतं. सगळ्या फटी बुजवल्या की हवा बदलणारा पंखा मात्र बसवावाच लागतो, नाहीतर भिंतीही कुजतील आणि माणसंही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला घसा फोडून सांगते आणि तरी निम्मे लोक तो पंखा बंद करून ठेवतात. असो.

आमच्या गल्लीतली बहुतेक घरं मीच केली. शेजारीपाजारी कपडे आणून टाकतात, ते सगळे एकत्र मिसळतात. कुणाची विजार कुणाच्या भिंतीत गेली, देव जाणे.

राहिलं होतं ते माझ्या धाकट्या भावाचं घर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या घराच्या ओलीनं त्याची पहिली बायको गेली. छातीत कफ धरला तो सुटलाच नाही. मागे राहिली त्यांची मुलगी ठकी, आणि तिलाही तीच धाप. भावानं पुढे दुसरं लग्न केलं. पहिलीला आम्ही थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. डॉक्टर धाकटीला स्पष्ट म्हणाले, "अजून एक हिवाळा या घरात काढलात तर पोरीचं काही खरं नाही." ती तशीच माझ्याकडे आली. भावाला मी वर्षभर बोलून बोलून दमले होते, तिनं एका संध्याकाळी त्याला कबूल करवलं.

काम झालं. बुरशी गेली, ओल गेली, ठकी शांत झोपू लागली. मी स्वतःवर खूश होते. महिनाभरानं धाकटी आली ती तोंड उतरवून.

"ताई, ठकी घराबाहेर पडत नाही."

"थंडी आहे, कोण पडतंय?"

"तसं नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तिला धाप लागते. आत आली की बरी. दिवसभर पलंगावर, भिंतीला गाल लावून पडून असते. शाळेतून निरोप येतायत. आणि तुम्ही खोलीत ते हवा मोजायचं यंत्र लावलंय ना, ते श्वासाच्या हवेवरून म्हणतं खोलीत दोन माणसं झोपली आहेत. झोपते ठकी एकटी."

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी नवीन लावलं. तेही तेच सांगू लागलं. तेव्हा मात्र मी सगळं सामान घेऊन गेले.

आमची एक चाचणी असते. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची. कुठे फट राहिली असेल तर तिथून बाहेरची हवा आत घुसते. धुराची कांडी धरून फिरलं की धूर हलतो आणि चोर सापडतो. दुपारचं लख्ख ऊन होतं. मी घरभर फिरले, धूर सगळीकडे सरळ वर. ठकीच्या पलंगाजवळ आले तेव्हा तो वाकला. आधी भिंतीकडे गेला, मग माझ्याकडे आला, मग परत भिंतीकडे.

फट असेल तर धूर एकाच दिशेला जातो. येत-जात नाही. शिवाय त्या भिंतीला फट नव्हतीच, रंगाचा शेवटचा हात मी माझ्या हातानं दिला होता. मी ठकीकडे पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती आणि तिची छाती धुराबरोबर वरखाली होत होती. मी कांडी पाण्यात बुडवली आणि बाहेर येऊन बसले.

ही एक भिंत मी भरली नव्हती. त्या दिवशी मला दुसरीकडे जावं लागलं आणि भाऊ म्हणाला होता, एवढी मी भरतो. मी त्याला अंगणात गाठलं.

"काय भरलंस त्या भिंतीत?"

तो बूट पुसत बसला. पुसलेलेच बूट.

"अरे, तोंड आहे ना?"

"तिचे कपडे," तो म्हणाला. "यंत्रात घालवेनात, ताई. तसेच भरले."

"धुतले तरी होतेस का?"

"धुतले असते तर वास गेला असता."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातलं फेकून मारावं. पण त्याच्याकडे बघून हात उचलेना. आणि मला थोरली आठवली. जीव लावणारी बाई, पण पोरीला दारात उभी राहू द्यायची नाही. वारा लागेल, ऊन लागेल. पांघरूण असं खोचायची की लेकराला कूस बदलता येऊ नये. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावरही गेली नव्हती.

भाऊ भिंत फोडायला तयार होईना. "बरी आहे ना ती आत? मग राहू दे आत."

धाकटी दारातून ऐकत होती. ती त्याच्यावर कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "अशीच ठेवायची का तिला? जन्मभर पलंगावर?" मग माझ्याकडे वळली. "ताई, फोडा."

मी फळी उचकटली. आत कुबट वास येणार म्हणून नाकाला रुमाल बांधला होता. वास आला तो नुकत्याच अंगावरून काढलेल्या कपड्यांचा. भाऊ म्हणत होता की त्यानं नुसते बोळे कोंबले होते. आता ते बोळे नव्हते. सगळे कपडे उलगडून पलंगाच्या उंचीला जमले होते, आणि एकूण एक बाही ठकीच्या बाजूला पसरलेली. मी हात लावला. उबदार होते.

मी पहिला झगा ओढला आणि ठकीला ठसका लागला. दुसरा ओढला तशी तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. ओठ निळे पडायला लागले. भाऊ ओरडला, "ताई, बंद कर!" मी झगे परत कोंबू लागले, पण ते काही केल्या आत राहीनात.

धाकटी मला बाजूला सारून भिंतीजवळ बसली. आत हात घालून तिनं थोरलीचा लोकरी स्वेटर काढला आणि अंगात चढवला.

"पोर तुमची आहे," ती भिंतीला म्हणाली. शेजारणीशी बोलावं तसं. "मी हिरावून घेत नाही. पण तिला बाहेर जायचंय. तुम्हीही चला."

तिनं ठकीला उचललं. ठकीनं त्या बाह्यांत तोंड खुपसलं. धाकटी चालत गेली, उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मी मागे धावले तेव्हा ठकी खाली उतरून शेजारच्या मांजराला हाक मारत होती. श्वास अगदी मोकळा.

ती भिंत मी पुन्हा भरली, धुतलेल्या, मिसळलेल्या कापडानं. उरलेले कपडे भावानं स्वतः यंत्रात घातले. आता हवेचं यंत्र एकच माणूस दाखवतं. ठकी रोज शाळेत जाते, धावते, गुडघे फोडून घेते.

पण स्वेटर धाकटीच्या अंगावरून निघत नाही. म्हणजे निघतो, बटणं साधीच आहेत. काढला की ठकी जिथे असेल तिथे, वर्गात असो की मैदानात, तिचा श्वास अडकतो. दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा धीर झाला नाही.

परवा भर उन्हाळ्यात गेले. धाकटी घामानं निथळत होती, मानेवर पुरळ उठलेलं. मी म्हटलं, "अगं, किती दिवस असं काढणार?"

तिनं मानेवरचा घाम पुसला. म्हणाली, "ताई, काल ठकी मला आई म्हणाली. पहिल्यांदा. गळ्यात पडून."

"मग? चांगलंच आहे की."

"मला म्हणाली, की हिला?" तिनं स्वेटरची बाही चिमटीत धरून दाखवली.

मी रुमालानं तिला वारा घालू लागले.

"जाऊ दे," धाकटी म्हणाली. "कुणाला का म्हणेना, म्हणायला तिच्यात दम आहे ना." शाळा सुटायची वेळ झाली होती. तिनं स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि उन्हात ठकीला आणायला निघाली.