धाकट्याची बैठक

गाड्यांच्या सीट शिवण्यात माझी सदतीस वर्षं गेली. या धंद्यात माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, बैठक राहते. कोण एकाच कुल्ल्यावर भार टाकतो, कोण मागच्या खिशातलं पाकीट न काढता बसतो, कोणाचं बायकोशी पटत नाही म्हणून शेजारची सीट कोरी करकरीत राहिलीय, हे सगळं जुना फोम बाहेर काढला की मला दिसतं. आणखी एक गोष्ट कळते. गिऱ्हाईक तोंडाने काहीही म्हणो, नव्या सीटवर बसून त्याने पाठ टेकली की समजायचं, जमलं. पाठ न टेकता "छान झालंय" म्हणाला, तर तो माझं मन राखतोय. या परीक्षेत मी आजवर फसलेलो नाही. एवढी अक्कल असलेल्या माणसाने जे करू नये ते मी केलं, आणि तेही सख्ख्या भावाच्या गाडीत.

धाकटा माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याची गाडी लाल, दोन दारांची, पाठीमागचं दार वर उघडणारी. बघणाऱ्याला वाटावं, भाजी आणायला घेतलीय. पण ती वळणावर घातली की बसलेल्याच्या पोटात गोळा यायचा. कंपनीने ती बनवणं बंद करून तीस वर्षं झाली. असल्या गाड्या बाळगणारे आम्ही सात जण होतो. माझी करडी, धाकट्याची लाल, डेंटिंगवाल्याची निळी, मास्तरांची पांढरी, असा आमचा संसार. दर रविवारी सकाळी बर्फाच्या कारखान्यामागच्या मोकळ्या आवारात जमायचं, बॉनेट उघडायची आणि एकमेकांची इंजिनं मान तिरकी करून ऐकायची. एवढे कान आमच्याकडे दिले असते तर घरं सुखी झाली असती, असं आमच्या बायका म्हणायच्या. खोटं नव्हतं ते. पण हौसेला मोल नसतं, आणि हौशी माणसाला दुसऱ्याचं दुःख ऐकू येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

या सातांत धाकट्याची गाडी सगळ्यांत जास्त चाललेली. असल्या गाडीत सीटच्या दोन्ही कडांना उंचवटे असतात, वळणावर माणूस घसरू नये म्हणून. चढता-उतरता दाराकडचा उंचवटा घासतो, दबतो, शेवटी फाटतो. धाकट्याचा तर पार सपाट झाला होता, आणि मधे असा खड्डा की दुसरं कोणी बसलं तर त्याला पुढचं नीट दिसू नये. मी अकरा वर्षं त्याच्या मागे लागलो होतो. मोठा भाऊ सीट शिवणारा आणि धाकटा फाटक्या सीटवर, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो नुसता हसायचा. म्हणायचा, "दादा, आत्ता कुठे ती माझ्या अंगाला बसलीय."

मग त्याला फुप्फुसांचं दुखणं लागलं. आठ महिने. पहिल्या दोन महिन्यांतच गाडी चालवणं बंद झालं. मी दर आठवड्याला जायचो. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसायचो आणि गाड्यांबद्दल बोलत सुटायचो. निळीचा गिअरबॉक्स उतरवला, पांढरीला आरसा मिळाला, असलं काहीबाही. त्याच्याकडे बघणं मला जमत नव्हतं. मी छताकडे, औषधांच्या बाटल्यांकडे, खिडकीकडे बघत बोलायचो आणि तासाभरात उठायचो. त्याचं वजन किती उतरलं, तो कोणत्या कुशीवर झोपतो, काही विचारलं नाही. घाबरलो होतो मी. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "गाडीकडे बघ." मी म्हटलं, बघतो.

तो गेला त्याला दहा महिने होत आले तेव्हा भावजय दुकानात आली. ती फार बोलणारी नव्हे. गाडी तेव्हापासून गॅरेजात उभी होती, बॅटरी उतरलेली, पेट्रोलचं पार पाणी झालेलं. वर्ष होईल त्या दिवशी गाडीचा आवाज ऐकावासा वाटतो, असं ती म्हणाली. आणि दाराशी जाऊन परत वळली.

"बाकी कशाला हात लावू नका, दादा. फक्त सुरू होऊ दे."

हे तिने मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं. पण आमच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. थोडंसंच करा, जास्त काही नको. आणि पूर्ण केलं की डोळे भरून बघत राहतं. मी तेच गृहीत धरलं, भावजय भीड बाळगतेय असं समजलो.

शिवाय आमच्यात एक रीत होती. सातांपैकी कोणी गेला की उरलेल्यांनी त्याची गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची आणि घरच्यांच्या हाती द्यायची. याआधी दोघांच्या गाड्या आम्ही तशा केल्या होत्या. दोन्ही घरच्यांनी त्या दुसऱ्या महिन्यात विकल्या आणि आमचे आभार मानले. मास्तरांकडे कंपनीचं मूळ पुस्तक होतं, त्यात स्क्रूचे आकारसुद्धा दिलेले. ते पुस्तक उघडलं की मास्तर शाळेत असल्यासारखे बोटाने ओळ दाखवायचे. ही पट्टी चूक, हा दिवा नंतरचा, ही मूठ मूळची नाही. डेंटिंगवाल्याने दारावरचा पोचा काढला. धाकट्याने लेकीला सायकल शिकवताना सायकल आपटून तो पोचा पडला होता. गिअरची लाकडी मूठ धाकट्याने हाताने तासलेली होती, ती काढून मूळची काळी बसवली. आम्ही तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून राबलो, आणि खरं सांगायचं तर मजेत राबलो. धाकटा गेल्यानंतर मी पहिल्यांदा शिट्टी वाजवली ती त्या तीन आठवड्यांत.

सीट मी कोणाला हात लावू दिली नाही. कव्हर उसवून काढलं. जुन्या कव्हरचे तुकडे आम्ही टाकत नाही, नव्या कापडाला नमुना म्हणून तेच वापरतो. खालचा फोम मात्र कुजून बिस्किटासारखा चुरत होता. तो पोत्यात भरला आणि गुरुवारी उशांत भरायला फोमचा भुसा करणारा येतो त्याला दिला. नवा फोम घातला, उंचवटे पुस्तकातल्या मापाचे केले, दुहेरी शिवण मारली. सदतीस वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. अकरा वर्षांची हौस फिटली म्हणून मी खूष होतो.

ठरल्या दिवशी सकाळी सगळ्या गाड्या तिच्या दारात उभ्या केल्या. लाल गाडी मधोमध. पहिल्या चावीला सुरू झाली, आणि तो आवाज कानावर आला तशी भावजयीने तोंडाला पदर लावला. पुतणीने आईचा हात धरला. आम्ही उरलेले चौघंही रडलो, मास्तर तर उघड रडले. मग भावजय दार उघडून चालकाच्या सीटवर बसली. जरा हलली. उठून पुन्हा बसली. तिचा हात दाराकडच्या उंचवट्यावर गेला आणि तिथेच थांबला. मग ती उतरली, सगळ्यांना आत बोलावून तिने चहा केला, आणि खूप मेहनत घेतलीत म्हणाली. तिची पाठ सीटला टेकली नव्हती. मला ते दिसलं होतं. मी कपबशीकडे बघत बसलो.

आठवड्याने पुतणी दुकानात आली. कॉलेजच्या वाटेवर होती, पाठीला पिशवी.

"काका, आई आता गाडीत बसत नाही."

मी विचारलं, तिला चालवायला शिकायचं होतं का. पुतणीने नकारार्थी मान हलवली. बाबा गेल्यापासून आई रोज दुपारी, जेवणानंतर, गॅरेजात जाऊन त्या सीटवर अर्धा तास बसायची, असं तिने सांगितलं. दुखण्यातही बाबांना तिथेच बरं वाटायचं. आई त्यांना धरून न्यायची, चालकाच्या सीटवर बसवायची आणि शेजारी बसायची. गाडी बंदच. दोघं काचेतून गॅरेजाची भिंत बघत गप्पा मारायचे. बाबांचं सगळं तिथे उमटलंय, असं आई म्हणायची, त्या खड्ड्यात बसलं की त्यांच्या कुशीत बसल्यासारखं वाटतं. दिवसातला तेवढाच अर्धा तास ती धड असायची. आता गॅरेजाला कुलूप लावलंय, आणि दुपारी ती स्वयंपाकघरात नुसती उभी असते.

"तुम्हाला सांगू नको म्हणाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणून हात झटकायची सोय नव्हती. तिने मला नको म्हणून सांगितलं होतं.

दुकान उघडं टाकून मी भुसावाल्याकडे गेलो. पत्र्याची शेड, नाकातोंडात धूळ, आणि छातीएवढा ढीग. पिवळे, पांढरे, करडे तुकडे, सगळे नखाएवढे. त्याने विचारलं, काय हरवलंय. एक फोम, म्हटलं, साधारण सव्वा महिन्यापूर्वीचा. त्याच्या उशा तर कधीच गेल्या, म्हणाला. कोणाच्या तरी डोक्याखाली माझा भाऊ होता. मी तिथेच एका पोत्यावर बसलो, आणि तो बिचारा पाणी घेऊन आला.

कव्हरचे तुकडे तेवढे माझ्याकडे होते. खुंटीला टांगलेले, खडूच्या खुणांसकट. ते मी जुन्याच भोकांतून, जुन्याच दोऱ्याच्या जाडीने परत शिवले. तीन दिवस लागले. वाकडी सुरी आणि फोमचे तुकडे घेऊन मी भावजयीच्या दारी गेलो आणि म्हटलं, गॅरेजाची किल्ली दे. तिने पुतणीकडे एकदा बघितलं आणि किल्ली दिली.

जुनं कव्हर नव्या फोमवर चढवलं तर जिथे खड्डा होता तिथेच ते फुगून वर आलं. त्याच्या अंगाचं सगळं उलटं झालं होतं. मी ते काढलं, सुरी घेतली आणि कापायला लागलो. मला माझ्या भावाचं अंग ठाऊक होतं. एकाच अंथरुणात वाढलो आम्ही. पाठ रुंद, डावा खांदा लहानपणी झाडावरून पडल्यामुळे खाली, बसायचा दाराला रेलून, कोपर खिडकीत. मी डोळे मिटून कापत होतो आणि हात बरोबर चालत होता, याची मला खात्री होती. दाराकडचा उंचवटा उतरवला, मधे खोल खड्डा केला, पाठीला जागा केली. कव्हर चढवलं आणि तिला बस म्हटलं.

ती बसली.

"हे फार मोठे आहेत, दादा," ती म्हणाली.

मला कळेना. मग ती हळूहळू सांगायला लागली. शेवटी शेवटी ते दाराकडे रेलायचे नाहीत, माझ्याकडे कलायचे. इकडच्या अंगाने श्वास घेता यायचा. खोकला आला की पुढे यायचे आणि मी पाठीला हात लावला की परत मागे जायचे, म्हणून इथे पाठीशी पोकळी झाली होती, माझा हात जाईल एवढी. वजन राहिलं नव्हतं. इथे त्यांचं हाड लागायचं. तिने बोटाने जागा दाखवली.

मी सुरी हातात धरून उभा होतो. मी जो कापला होता तो धाकटा खिडकीत कोपर ठेवून हसणारा होता. तो तिच्या कामाचा नव्हता. तिला हवा होता तो आठ महिन्यांचा माणूस, आणि तो माणूस मी पाहिलाच नव्हता. मी त्याच्या उशाशी बसून छताकडे बघत गिअरबॉक्सच्या गप्पा मारत होतो.

"तू सांग. मी कापतो," मी म्हटलं.

त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही दुपारी ती शेजारच्या सीटवर बसून सांगत होती. तो किती बारीक झाला होता, पाय कुठवर पोचायचे, हसू आलं की कुठे हात दाबून धरायचा. मी तिने सांगितलेली एकेक गोष्ट फोममधून काढत होतो. जास्त कापलं की पातळ थर चिकटवायचा, वाळू द्यायचं, पुन्हा तासायचं. ती सांगताना मधेच थांबायची आणि मीही थांबायचो. माझा भाऊ आठ महिने कसा मेला, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शेवटी शेवटी तो रोज विचारायचा म्हणे, दादा कधी येणार आहे.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी कव्हर शेवटचं चढवलं, हुक ओढले, सुरकुत्या हाताने बसवल्या. गिअरची लाकडी मूठ परत लावली. दार उघडून धरलं. भावजय वाकून आत गेली आणि चालकाच्या सीटवर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून तिने समोरच्या भिंतीकडे बघितलं. मी दाराशी उभा होतो. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि ती माझ्यासाठी हसली.

"छान झालंय, दादा."

तिची पाठ टेकलेली नव्हती.

मी म्हटलं, मग झालं तर, आणि खाली वाकून फोमचे कपटे गोळा करायला लागलो.