फितीपाशी अडलेली जीप

जुन्या गाड्यांच्या शर्यतीत इस्लामपूरच्या रंगूबाईनं बापाच्या काळातली जीप सुरुवातीपासूनच अशी दामटली, की साताऱ्यापर्यंत मागच्यांचा धुरळासुद्धा दिसेना झाला. केळघरच्या घाटात तर तिनं आरशात बघणंच सोडून दिलं. बघायचं तरी कुणाला?

महाबळेश्वरात शेवटच्या रेषेवर पोचली, तर आडवी लाल फीत, आणि फितीपुढं हात पसरून उभे संयोजक वीरधवलराव.

"थांबा मावशी! फीत पाहुण्यांच्या हस्ते कापायची हाय."

"मग कापा की."

"पाहुणे अजून यायचेत."

बारसं असो नाहीतर शर्यत, ह्यांचं पाहुण्याबिगर पान हलायचं नाही! रंगूबाईनं चरफडत इंजिन बंद केलं आणि फडक्यातली भाकरी सोडली. तिचं खाऊन होईतोवर मागच्या सगळ्या गाड्या शेजारी येऊन लागल्या. घाटात बंद पडलेली एक तर लोकांनी ढकलत आणली.

अखेर पाहुणे आले. हार झाले, भाषण झालं, फीत कापली. रंगूबाईनं जीप सुरू केली, तोच वीरधवलराव परत आडवे.

"आदी सायबांची गाडी जाऊ द्या. मानाची हाय."

साहेबांची कोरी करकरीत गाडी रेषेपलीकडं गेली आणि पंचांनी इमानेइतबारे तिचाच पहिला नंबर पुकारला. करंडक घ्यायला साहेब अजिबात लाजले नाहीत.

रंगूबाईला उत्तेजनार्थ नारळ मिळाला. वर दोन शब्द बोलायचा आग्रह झाला.

तिनं माईक ओढला. "फुडल्या साली मला शर्यतीत घिऊ नगा, पाहुणी म्हणून बोलवा. घरनं निवांत जेवून निगते, आन् पयली येते."