रिकाम्या खुंटीचा रविवार

मी ओकच्या लाकडाचा एक जुना दांडा आहे. हातभर लांब, अंगावर पितळी पट्टी. मित्रांनो, वेल्समधल्या आमच्या दरीत रेल्वेचा एकच रूळमार्ग होता. त्यामुळे नियम साधा होता : मी ज्याच्या हाती, मार्ग त्याचा. माझ्याशिवाय गाडी हलत नसे. खाणीतली पाटीच्या दगडाची फरशी आणि बाजारची माणसे, सारे माझ्या भरवशावर ये-जा करीत. ड्रायव्हर मला सलाम ठोकत आणि मीही जरा ताठ्यातच असे.

एका रविवारी गावातली लुनेड बाळंतपणात अडली. रविवारी आमच्याकडे गाडी नसे, सारा गाव प्रार्थनेला जाई. पण ड्रायव्हर गेथिनने इंजिन पेटवले, शहरातल्या दवाखान्यात न्यायला तिला डब्यात निजवले. सिग्नलमन टुडनोने माझ्या खुंटीकडे हात नेला, तर खुंटी रिकामी!

"अरे, इंजिन एकच, ते माझ्यापाशी!" गेथिन ओरडला. "समोरून कोण येणार, तुझी सासू?"

"दांडा नाही, तर सिग्नल नाही."

"ती मरेल, लेका!"

टुडनोच्या डोळ्यांत पाणी आले, पण हात सिग्नलच्या खटक्याला लागला नाही.

मी तेव्हा पुलापाशी होतो. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम प्राइस मला गुपचूप घेऊन गेला होता. तडकलेला रूळ सोमवारच्या आत बदलायचा होता. पण तो स्वतःच प्रार्थनाघरातला पंच, रविवारी काम करतो हे सांगणार कोणत्या तोंडाने? नियम पाळला, पण लाजेपायी बोलला नाही.

अर्ध्या तासाने त्याची ट्रॉली मला घेऊन आली. "पुलावरचा रूळ काढला होता," तो खाली मान घालून म्हणाला, "आत्ताच बसवला."

गाडी सोडली असती तर पुलावरूनच कोसळली असती, हे गेथिनला उमगले. त्याने टुडनोचे दोन्ही हात धरले आणि गाडी सोडली. लुनेड वाचली. तिला मुलगी झाली, नेस्ट.

पुढे मोटारी आल्या, गाडीत माणसे दिसेनाशी झाली. मार्ग बंद पडला. रूळ उपटणाऱ्यांनी लाकूडसामान शेकोटीत टाकायला घेतले, त्यात मीही होतो. मला फार वाईट वाटले. तेवढ्यात पिकल्या केसांची नेस्ट धापा टाकत आली.

"बाई, रूळच गेले. आता याचा काय उपयोग?" रूळ उपटणाऱ्यांचा मुकादम हसला.

"उपयोगाचं मला विचारताय? हा खुंटीवर नव्हता म्हणून मी जन्मले!"

आज मी तिच्या घरी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला आगीत टाकण्याआधी एकदा विचारा, हिच्यामुळे कोण कोण सुखरूप घरी पोचले.