ठकीच्या खिशातला रेकॉर्डर

ऐका ना मित्रांनो, मधे बोलू नका, नुसतं ऐका. मी एक जुना रेकॉर्डर आहे. काडेपेटीएवढा. सरकारने पैसे देऊन एक संशोधन काढलं होतं, टीव्ही-मोबाईलमुळे लहान मुलांच्या बोलण्यावर आणि वाढीवर काय परिणाम होतो ते शोधायला. त्यासाठी आम्हा चाळीस भावंडांना बनवलं. काम एकच. मुलाच्या छातीवरच्या खिशात दिवसभर बसायचं आणि मोजायचं, त्याच्याशी माणसं किती बोलली आणि पडदा किती बोलला. ज्याला गरज दिसेल त्याच्या घरी बोलायला शिकवणाऱ्या बाई येणार.

संशोधनवाल्या ताईंनी मला ठकीच्या घरी दिलं. ठकी अडीच वर्षांची, गालावर कायम बिस्किटाचा चुरा, आणि बोलणं म्हणाल तर जेमतेम चार शब्द. तिची आई घरीच कपडे शिवायची. ताई गेल्या आणि आई मला हातात धरून बसून राहिली. तिला वाटलं, ही आपलीच परीक्षा, आणि आपण नापास. मग तिने काय केलं माहितीये? मला सरळ आजोबांच्या खिशात टाकलं.

"बाबा, आज हे तुमच्याकडे राहू दे. तुम्ही बोलता तेवढं या घरात कोणी बोलत नाही."

"ही स्तुती की टोमणा?" असं म्हणत आजोबा न्हाव्याकडे निघाले.

बापरे, काय दिवस होता तो. न्हावी, वाणी, कोपऱ्यावरचा चांभार, आजोबांनी कोणाला म्हणून सोडलं नाही. मोजता मोजता मी मेटाकुटीला आलो. आकडा असा आला की ठकी चाळीस मुलांत पहिली. शेरा पडला, मदतीची गरज नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मोजतो, पण सांगू कसं? बरं, नियम असा होता की प्रत्येक दिवसातली पाच मिनिटं ताईंनी स्वतः ऐकायची. त्यांनी ऐकली आणि तडक घरी आल्या.

"वहिनी, ठकीला मिशा कधी फुटल्या? न्हावी विचारतोय, बारीक करू का म्हणून."

आजोबा पेपरामागे लपले. आई मात्र हसली नाही. मान खाली घालून म्हणाली, "काय करू ताई, दिवसभर टाचण्या दातात धरलेल्या असतात. तोंड उघडलं की टाचणी पडणार आणि ही ती तोंडात घालणार. म्हणून टीव्ही लावते. निदान कोणीतरी तिच्याशी बोलतं."

मला ठकीच्या खिशात सरकवत ताई म्हणाल्या, "मला नंबर नाही काढायचे, हात कुठे द्यायचा ते बघायचंय. उद्या जसा असतो तसा दिवस ऐकू दे. नकोच वाटलं तर हे बाजूचं बटण दाबा, सगळं पुसलं जाईल. मी कारण विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी ठकीच्या छातीवर. तिची धडधडसुद्धा ऐकू येत होती मला. टीव्हीतली बाहुली विचारायची, "हा रंग कोणता?" ठकी जीव एकवटून म्हणायची, "ला..." तोवर बाहुली पुढे. पुन्हा प्रश्न, पुन्हा "ला...", पुन्हा बाहुली पुढे. अकरा वेळा. मला वाटत होतं, अगं थांब गं बये, ती सांगतेय ना.

तेवढ्यात आईच्या मशीनचा दोरा तुटला. खडखड थांबली तेव्हा कुठे तिला ते ऐकू आलं. तिने दातातल्या टाचण्या काढून त्यांच्या इवल्याशा गादीत खोचल्या, टीव्ही बंद केला आणि ठकीसमोर फतकल मारून बसली. बोलली काहीच नाही. नुसती वाट बघत राहिली. कितीतरी वेळ.

"ला...ल," ठकी म्हणाली.

संध्याकाळी आईने मला हातात घेतलं. पोटात काय होतं माझ्या? नऊ तास टीव्ही, आणि माणसांचे शब्द बोटांवर मोजण्याइतके. तिचं बोट बटणावर टेकलं.

"पुसू का, बाबा?"

"पुसलंस तर तुला कोणी नावं ठेवणार नाही," आजोबा हळूच म्हणाले. "पण मग हिच्याकडे कोणी येणारही नाही."

दारात ताईंच्या चपला वाजल्या. आईने बोट उचललं आणि मला त्यांच्या हातात दिलं. "सगळा टीव्हीच आहे," ती म्हणाली. "एक शब्द आमचा आहे. तेवढा नीट ऐका."

पुढच्या सोमवारपासून बोलायला शिकवणाऱ्या बाई यायला लागल्या. मी आता एका खणात पडून असतो, कोणी चार्जसुद्धा करत नाही. माझं जाऊ दे मित्रांनो. पण घरातलं एखादं पोर अर्धा शब्द बोलून अडलं ना, तर तुम्ही जरा थांबा. आणि आता खरं खरं सांगा, त्या संध्याकाळी ते बटण तुमच्या बोटाखाली असतं, तर तुम्ही काय केलं असतं?